शनिवारी चारचा दणदणाट

कर्जत तालुक्यात सगळ्यात हळू कोण बोलतं अशी स्पर्धा कुणी ठेवली असती, तर माझी कॉलेजातली मैत्रीण तिच्यात हमखास पहिली आली असती, आणि नाव पुकारल्यावर तिने दिलेली ‘आले’ ही ओ कुणालाच ऐकू न गेल्यामुळे बक्षीस दुसऱ्या नंबरला गेलं असतं. ही माझी पदरची भर आहे असं वाटत असेल तर कॉलेजची हजेरीपुस्तकं काढून बघा. पहिल्या बाकावर, सरांच्या नाकासमोर बसून ती तीन वर्षं गैरहजर होती. दर परीक्षेच्या आधी हजेरी कमी भरल्याचं पत्र तिच्या घरी जायचं, आणि मग मी आणि आणखी दोघी ऑफिसात जाऊन ही मुलगी रोज येते असं लिहून द्यायचो. रिक्षात बसली तर तिला उतरायचं असलेला थांबा हमखास मागे पडायचा. ती त्याबद्दल कधी कुरकुर करायची नाही. उतरून मुकाट्याने तेवढं अंतर मागे चालत यायची. आणि हीच मुलगी आमच्या कॉलेजच्या रेडिओवर दर शनिवारी चार ते पाच अशी काही गाणी लावायची, की ज्यांत गाणारा माणूस गातो आहे की त्याचा पाय दारात चेंगरला आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचा रेडिओ म्हणजे गच्चीवर एक मनोरा आणि खाली जिन्याशेजारी भिंतींना फोम चिकटवलेली एक खोली. हवा चांगली असली की आवाज नेरळच्या पुढे जायचा, नसली की कॅन्टीनपर्यंत. सकाळी भातावरच्या करपा रोगाचा सल्ला, दुपारी बाळंतिणीची काळजी, साडेतीनला एखादं भजनी मंडळ, असा सगळा सज्जन कारभार. शनिवारी चारची वेळ रिकामी होती, कारण त्या वेळी मुलं घरी पळालेली असतात. हिने अर्ज भरला. कार्यक्रमाचं नाव ‘दणका’, आणि विषयाच्या रकान्यात ‘रागावलेल्या माणसांची गाणी’. रेडिओच्या प्रमुख मॅडमना वाटलं, मुलगी शाहिरी नाहीतर चळवळीची गाणी लावणार. त्यांनी कौतुकाने सही केली. पहिल्या शनिवारी त्या घरी चहा पीत रेडिओ लावून बसल्या होत्या. तो चहा त्यांनी संपवला की नाही हे आम्ही कधी विचारलं नाही.

मी त्या खोलीत यंत्र सांभाळायला असायचे. मी खालापूर तालुक्यातली, चौक गावाच्या अलीकडच्या एका खेड्यातली, आणि रेडिओत शिरले त्याचं एकमेव कारण म्हणजे सगळ्या कॉलेजात एसी असलेली ती एकच खोली होती. त्या एसीची किंमत मी पुरेपूर मोजली. ती बोलायला लागली की मी तिच्या माइकच्या आवाजाची पट्टी वर, अगदी टोकाला न्यायची, आणि तिचा शेवटचा शब्द संपता संपता झटकन खाली ओढायची, कारण पुढच्या क्षणी ड्रम सुरू व्हायचे. एकदा माझा हात चुकला. कॅन्टीनच्या काकांच्या हातातलं गाळणं चहासकट खाली पडलं, आणि तेव्हापासून शनिवारी पावणेचारलाच ते आम्हा दोघींना बोलावून चहा पाजायला लागले, म्हणजे निदान आमच्या मनात तरी चीड राहू नये.

तिचं निवेदन तर ऐकण्यासारखं असायचं, म्हणजे ऐकू आलं असतं तर. “नमस्कार. घरात कुणी आजारी असेल किंवा बाळ झोपलं असेल, तर कृपया आवाज कमी करा. पुढच्या गाण्यात साडेचार मिनिटं राग आहे. शेवटी थोडं दुःख आहे, तेवढं तरी ऐका.” गाणं कशाबद्दल आहे ते ती इतक्या गंभीरपणे समजावून सांगायची, की एखाद्या पाहुण्याची ओळख करून देते आहे असं वाटावं. शिलाँगकडची, बंगळूरकडची, पार फिनलंडकडची असली गाणी वाजवणारी लहान लहान मंडळं ती शोधून काढायची, आणि तुमचं गाणं आमच्या कॉलेजात लावू का, असं प्रत्येकाला रीतसर पत्र लिहून विचारायची. मोठी मंडळं उत्तर द्यायची नाहीत. लहान मंडळांना इतका आनंद व्हायचा की विचारू नका. फिनलंडच्या चौघांनी तर ‘कार्झाट’च्या लोकांना खास नमस्कार रेकॉर्ड करून पाठवला. ती तो महिनाभर दर शनिवारी लावत होती.

पण तिचा खरा जीव होता तो तक्रारींवर. त्यासाठी तिने एक दोनशेपानी वही केली होती. कुणाचा फोन आला, चिठ्ठी आली, की नाव-गाव लिहून घ्यायची आणि त्याच आठवड्यात तक्रार करणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. स्कूटी माझी, त्यामुळे मीही. दहिवलीतल्या एका शिंपीकाकांचं म्हणणं होतं की शनिवारी त्यांच्या हातून बटणांची काजं वाकडी होतात. मग बंद का नाही करत, असं मी विचारलं तर कळलं, की रेडिओचं बटण तुटलंय, एका स्टेशनवर काटा अडकलाय, आणि भाताच्या सल्ल्यासाठी रेडिओ तर हवाच. हिने पर्समधून पक्कड काढली, अर्धा तास खपून बटण बसवून दिलं, काटा फिरतो हे दाखवलं. पुढच्या शनिवारी काकांचा पुन्हा फोन, आजचं दुसरं गाणं फारच कर्कश होतं म्हणून. ती संध्याकाळभर खुशीत होती. आता काका आपणहून लावतात, असं तिने वहीत लिहिलं.

कळंबच्या वाटेवर एक पोल्ट्री आहे. तिथल्या दादांनी कळवलं की शेडमध्ये रेडिओ चालूच असतो आणि चार वाजले की कोंबड्या दाणा सोडतात. शनिवारी कार्यक्रम आधी रेकॉर्ड करून ठेवून ती मला घेऊन पोल्ट्रीवर गेली आणि तासभर कोंबड्यांसमोर उकिडवी बसली. कोंबड्या मजेत खात होत्या. पाचव्या गाण्याला दादाच कपाळ पुसत बाहेर येऊन बसले आणि म्हणाले, “कोंबड्यांना काय नाय हो होत, मलाच धडधडतंय.” तिने वहीतली तक्रार तशी दुरुस्त केली. भजनी मंडळाच्या मावशींची तक्रार मात्र तिला मनापासून पटली. अभंग संपतो न संपतो तोच हा गोंधळ सुरू होतो, मनातलं सगळं धुऊन जातं, असं त्या म्हणाल्या. हिने एका सकाळी पुलाखाली उतरून उल्हास नदीचा आवाज रेकॉर्ड केला, आणि त्यानंतर भजन आणि ‘दणका’ यांच्या मधे एक मिनिट फक्त पाणी वाहायचं.

शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर, मॅडमनी आम्हाला बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. कॉलेजची समिती सगळे कार्यक्रम तपासणार होती, आणि रेडिओ परिसरातल्या लोकांसाठी आहे, मूठभर मुलांच्या हौसेसाठी नाही, हे त्यांना वर दाखवायचं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की तुझा कार्यक्रम ऐकणारी दहा माणसं सोमवारपर्यंत कागदावर आण. विद्यार्थी चालणार नाहीत. नाहीतर पुढच्या महिन्यापासून त्या वेळेत दुसरं काहीतरी लावू.

मी म्हटलं, त्यात काय, आमच्या गावात माझे दहा तर काकाच आहेत. ती नाही म्हणाली. इतक्या हळू की मला आधी हो वाटलं. मग तिने ती वही काढली. तिला ठाऊक असलेले श्रोते तेवढेच होते.

शनिवार-रविवार आम्ही स्कूटीवर फिरलो. प्रत्येकाच्या दारात तिचं एकच सांगणं. आवडतं असं लिहू नका, ऐकत असाल तर ऐकता एवढंच लिहा, आणि जे खटकतं तेही लिहा. लोकांनी तिचा शब्द मोडला नाही. शिंपीकाकांनी लिहिलं की दर शनिवारी ऐकतो, गाणारा काय बोलतो ते कळत नाही आणि मुलगी काय बोलते तेही कळत नाही, तरी तिने जरा घसा मोकळा करावा. पोल्ट्रीच्या दादांनी लिहिलं की पाचवं गाणं टाळावं. एका निवृत्त गुरुजींनी तिच्या निवेदनातल्या व्याकरणाच्या सात चुका क्रमवार दिल्या. मावशींनी लिहिलं की पाणी चांगलं आहे, ते वाढवावं. रविवारी संध्याकाळी नऊ कागद झाले. दहावा माणूस वहीत नव्हता.

मी म्हटलं, “अगं, तुझ्या घरी कुणी ऐकतच असेल की.” तिने वही मिटून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, चल.

तीन वर्षांत मी तिच्या घरी पहिल्यांदाच गेले. दहिवलीतलं दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. तिचे बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. खालापूरकडच्या एका कारखान्यात, पत्र्यांवर घण मारणाऱ्या यंत्रांपाशी, त्यांनी पंचवीसेक वर्षं काढली होती, आणि येताना कान तिथेच ठेवून आले होते. मी आले हे त्यांना माझी सावली पेपरवर पडली तेव्हा कळलं. तिची आई स्वयंपाकघरातून त्यांच्याशी बोलायची ती अशी, की अख्ख्या आळीला आज कसली भाजी आहे ते कळावं, आणि तरीही त्यांना ते कळायचं नाही. त्या घरात सगळा आवाज आईनेच वापरून टाकला होता. मुलीला बोलायला उरलाच नव्हता. ती बाबांशी वहीवर लिहून बोलायची. तसंच तिने लिहिलं आणि कोरा कागद पुढे केला.

त्यांनी वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, “ते शनिवारचं? ते कमी कर म्हणून किती येळा सांगितलं तुला. डोकं उठतं माझं.” मला वाटलं, संपलं. पण ती पेन पुढे धरून उभीच होती. त्यांनी पेन घेतलं, जरा विचार केला, आणि दोनच शब्द लिहून खाली सही केली. ‘ऐकू येते.’

बाहेर आल्यावर मी स्कूटी सुरू केली नाही. तू हे सगळं बाबांना आवडतं म्हणून करतेस का, असं मी विचारलं, कारण मला तसंच काहीतरी गोड उत्तर हवं होतं. ती हसली. त्यांना मुळीच आवडत नाही, म्हणाली. मग थांबत थांबत सांगितलं, की बारावीत असताना कुणाचा तरी स्पीकर आणून तिने असलं गाणं घरात पहिल्यांदा लावलं होतं. बाबांना तोवर कुकरची शिट्टी ऐकू यायची बंद झाली होती, विहारातली वंदनाही. ते पेपर वाचत होते. ड्रम सुरू झाले आणि त्यांनी मान वर केली.

“कान गेल्यापासून चार वर्षांनी बाबांनी मला काहीतरी कमी करायला सांगितलं,” ती म्हणाली. “मी कमी केलं, आणि मग मोरीत जाऊन रडले.”

सोमवारी मॅडमनी दहाही कागद वाचले आणि म्हणाल्या, यातल्या एकालाही तुझा कार्यक्रम आवडत नाही. हो मॅडम, ती म्हणाली, पण दहाही जण ऐकतात. मॅडमनी दहावा कागद पुन्हा उचलला, हे कोण म्हणून विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी कागद एकावर एक नीट लावून फाइलमध्ये घातले. वर्ष संपेपर्यंत चालू राहू दे, म्हणाल्या, आणि जरा मोठ्याने बोलत जा. त्यातलं पहिलं झालं. दुसरं तिला जमलं नाही.

आम्ही पास होऊन बाहेर पडलो आणि ‘दणका’ चालवायला कुणी पुढे आलं नाही. शनिवारी चारला आता पाककृती असतात. ती खालापूरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. पहिल्याच वर्षी तिने बाबांना डॉक्टरकडे नेऊन दोन्ही कानांना यंत्रं बसवून घेतली. हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं, म्हणजे सांगितलं असावं. मला नीट समजलं ते मागच्या महिन्यात त्यांच्या घरी गेले तेव्हा.

बाबांनीच दार उघडलं. चौककडे भात कसं आहे, वडलांचा गुडघा कसा आहे, रस्त्याचं काम कुठवर आलंय, सगळं विचारलं, आणि उत्तरं मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकली. इतक्या वर्षांचं साठलेलं ते आता एकेक काढत होते. तिच्या आईचा आवाज निम्म्यावर आला होता आणि तिला तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. मधेच बाबांनी मला विचारलं, “कॉलेजात पण ही एवढंच हळू बोलायची का गं? मला वाटायचं, मलाच ऐकू येत नाय.” आम्ही सगळे हसलो. तीही हसली.

निघताना ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी गाण्यांचं विचारलं. यंत्र लावलं की तसला आवाज त्यांच्या कानात टोचतो, म्हणाली, म्हणून घरात लावत नाही. फिनलंडच्या त्या चौघांची अजून पत्रं येतात, नवीन गाणी पाठवतात. ऐकायचं राहून जातं, कारण संध्याकाळी कामावरून आलं की बाबा आणि ती बोलत बसतात. काय बोलता, मी विचारलं. ती सांगू लागली. रस्त्यावरून डंपर जात होते आणि ती हात हलवत, पुष्कळ वेळ, अगदी रंगून काहीतरी सांगत होती. मला त्यातलं फारसं ऐकू आलं नाही, पण तिला थांबवून पुन्हा विचारावंसं काही वाटलं नाही.