मंडपवाल्याच्या हाती शीड: कारधा ते गोसेखुर्द

वैनगंगेवर शिडाची नाव चालवायचं कोणाच्या मनात असेल, तर त्याने एवढं करावं: मंडप डेकोरेशनवाल्याला सोबत घेऊ नये. मला दुसरा इलाज नव्हता, माझं लग्नच त्याच्याशी झालेलं आहे.

आमच्या ह्यांनी भंडाऱ्यात जन्मभर लग्नांचे मंडप टाकले. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, धंदा मुलाने घेतला, आणि तेव्हापासून हा माणूस कशालाही 'हो' म्हणायला लागला. भाजीत मीठ नसलं तरी 'मस्त हाये'. पूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा असा आवाज, तो चढेनाच. मला त्या 'हो'चा वैताग आला होता आणि भीतीही वाटत होती. अशात एक दिवस त्यांनी न विचारता कोकणातून एक जुनी नाव ट्रेलरवर आणून अंगणात उभी केली. दोघं आडवे होऊ शकतील एवढी केबिन, डोलकाठी, मागे छोटी मोटर आणि पिशव्यांत कोंबलेली तीन शिडं. स्कूटर तेव्हापासून रस्त्यावर आहे.

मी अट घातली. भंडाऱ्याजवळच्या कारध्यापासून गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात, माझा भाऊ विलास ट्रेलर घेऊन थांबेल त्या घाटापर्यंत, नुसत्या शिडावर न्यायची. मोटर लावली तर नाव विकायची. ते म्हणाले, "हो."

दिवाळीनंतर पाणी भरपूर असतं आणि उत्तरेकडून हलका वारा येतो, हा काळ चांगला. परवानगीची चौकशी आधीच करून ठेवा. नाव कारध्याच्या पुलाच्या खालच्या अंगाला उतरवा, नाहीतर डोलकाठी आडवी करत बसावं लागेल. आम्ही हायवेवर तर्री-पोहे खाल्ले (यांनी तर्रीशिवाय, हेही निमूटपणे) आणि घाटावर शिडं उलगडली.

मागचं मोठं शीड एकच होतं. पुढच्यासाठी दोन होती: एक भलंमोठं, ओढणीसारखं पातळ, दुसरं लहान, जाड आणि करकरीत. यांनी दोन्हींची किनार अंगठा-बोटात धरून चोळली.

"याले म्हणते कापड," लहान शीड उचलून ते म्हणाले. "ते दुसरं त नुसतं अस्तर हाये."

"अवो, जाडं शीड वादळातलं असते. आज पानबी हालून नाही राहिलं."

"मजबूत हाये," म्हणाले. संपलं.

मोठ्या शिडावर दोन्ही बाजूंना लोकरीचे लहान धागे लोंबत होते. वारा कापडावरून नीट वाहतो आहे की नाही, ते त्या धाग्यांवरून कळतं, हे मी आठवडाभर व्हिडिओ पाहून शिकले होते. मी डबा ठेवून वळेपर्यंत यांनी कात्रीने सगळे धागे कापून टाकले होते. पाहुण्यांसमोर सुतं लोंबलेली बरी दिसत नाहीत म्हणे. कोणते पाहुणे?

मग दोर ओढणं सुरू झालं. वर, खाली, कोपऱ्यात, एक सुरकुती राहू दिली नाही. शीड खाटेसारखं ताठ. वारा पाठीमागून येत होता, म्हणजे मागचं शीड बाजूला मोकळं सोडायला हवं होतं. यांनी ते नावेच्या मधोमध आवळून बांधलं.

"ढिल्लं सोडा ना," मी म्हटलं.

"मंडपाले झोळ पडला त नाव जाते."

"मंडप हाये का हा?"

नाव जागच्या जागी गोल फिरत होती. एक मासेमार डोंगा वल्हवत जवळ आला.

"बाई, मोटर बिघडली का? दोर टाका, वढून नेतो."

"हे हवेवर चालते," हे म्हणाले.

त्याने शिडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चालून त नाही राहिली," म्हणाला, आणि पुढे गेला.

दिवस मावळायला आला तेव्हा एका गावाच्या घाटाला कसेबसे टेकलो. नाव राखायला तिथल्या एका डोंगेवाल्याला सांगितलं. तुम्हीही सांगा, पण पैशांचं आधी बोलून घ्या. विलासने गाडीने आम्हाला घरी सोडलं. दिवसभराची आमची मजल गाडीत एक गाणं संपायच्या आत सरली. मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुढच्या टोकाला चहा पीत बसले असताना मी विचारणं सोडलं आणि जाडं शीड उतरवून अस्तर चढवलं. स्वेटरची बाही उसवून धागे बांधले. आणि मागच्या शिडाचा आवळलेला दोर सोडून दिला.

"काय करून राहिली तू?" चहा सांडला त्यांचा.

शिडाखालची आडवी काठी बाजूला गेली, कापडाला पोट आलं, आणि नाव निघाली. पाण्याचा आवाज यायला लागला. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. हे कापडाच्या त्या फुगलेल्या पोटाकडे बघत राहिले. घरातलं माणूस परक्यांसमोर बनियनवर आल्यासारखं तोंड झालं होतं. दुपारी वारा बाजूला फिरला. तेव्हा त्यांनी स्वतः दोर घेतला. शीड फडफडेपर्यंत सोडलं, मग धागे सरळ होईपर्यंत हळूहळू ओढलं. हात शिकलेला होता, मन ऐकत नव्हतं एवढंच. मला इतका आनंद झाला की मी त्यांना 'शाब्बास' म्हटलं, आणि ते चिडले.

धरणाच्या पाण्यात बुडालेली झाडं अजून उभी आहेत, वठलेली. तिथे पोचलो आणि वारा पडला. विलासचा ट्रेलर समोर दिसत होता. उजेड जात होता, बुंध्यांमध्ये नाव अडकण्याची भीती होती, त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली होती. मीच म्हटलं, मोटर लावा. त्यांनी माझ्याकडे बघून मोटर लावली.

आसगावला, माझ्या माहेरी, वहिनीने नव्या तांदळाचा भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते. मी चार वडे खाल्ले.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच यांनी नाव धुतली. मोबाईलवर फोटो काढू लागले. विकायला.

"कायले?" मी विचारलं.

"मोटर लावली."

"मी लावाले सांगितली. अट माझी होती, मी मागं घेतली."

"शब्द शब्द असते. मुहूर्ताले मंडप उभा नाही झाला, असं कधी झालं का माह्या हातून?"

"हा मंडप नाही, किती डाव सांगू?"

"तू मले नोको शिकवू!"

शेजारच्या काकू गच्चीवर आल्या. समोरचं दार उघडलं. हे अंगणात उभे राहून, मानेच्या शिरा ताणून, वर्षभरात पहिल्यांदा माझ्यावर ओरडत होते. आणि मी, देवा, त्याहून मोठ्याने 'नाही' म्हणत होते, कारण ते थांबायला नको होते.