दोन्ही हातांनी धरलेला कप

दुपारी पेशंट संपले, तेव्हा विश्रामबागच्या माझ्या दवाखान्यात पन्नाशीचे एक गृहस्थ आले. हातात चार पत्रकं.

"मी बेवडा हाय," ते म्हणाले. "आठ वर्सं थेंब न्हाई. दारू सोडलेली आमी माणसं बैठकीत बसून एकमेकांस्नी सावरतो. डाक्टरांस्नी ते सांगत फिरतो."

नाव विचारलं तर हसले. "आमच्यात नाव सांगत न्हाईत."

चहा आला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. हात थरथरत नव्हते. पीत असतानाची सवय तेवढी उरली होती. मी नुसती मान डोलावत होतो. अशी माणसं सुधारत नाहीत, हे माझं जुनं मत.

"दारू सुटायच्या आदी ह्याच खुर्चीत माजी बायकू बसली व्हती. तुमी तिला म्हणला, ह्याचं काय खरं न्हाई, मनाची तयारी ठेवा."

मला ती बाई आठवेना. असं मी कितीजणींना सांगितलं असेल?

"राग नाही आला?" मी कसंबसं विचारलं.

"न्हाई डाक्टर. तुमास्नी तरी आमची बैठक कुटं ठावं व्हती?" त्यांनी पत्रक माझ्यापुढं सरकवलं. "आता ठावं झाली. आता कुणाच्या बायकूला तसं म्हणू नगा."