मामांनी आवरलेला कॉम्प्युटर

आमच्या मामांना पसारा बघवत नाही. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तिथली मासिकं तारखेप्रमाणे लावून ठेवतात. एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार! निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. चहा वरच्या फळीवर, साखर पार तळाला. मामी रोज दोनदा वाकून वाकून वैतागली.

मामीचं काम मागच्या खोलीत चालायचं. अंध विद्यार्थ्यांसाठी ती पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये उतरवते. तिथे एक जुना, घरघरणारा कॉम्प्युटर आणि कागदावर ठिपके उमटवणारा धडधड्या प्रिंटर. सगळी मदार एका प्रोग्रामवर. तो बनवणारे गृहस्थ धंदा गुंडाळून कुठे गेले कुणाला ठाऊक नाही, आणि त्याची सीडी कधीच हरवली होती. त्यामुळे कॉम्प्युटर कितीही कण्हत असला तरी बदलायची सोय नव्हती.

त्या वेळी रसायनशास्त्राचं पुस्तक चालू होतं. कॉलेजातल्या एका मुलीची परीक्षा नऊ दिवसांवर आलेली, शेवटचे चार धडे छापायचे राहिलेले. मध्येच मामीच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं म्हणून ती तीन दिवस तिकडे गेली. परत येऊन बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ. अमुक फाईल सापडत नाही. पुढे काहीच नाही.

"अहो, याला काय झालं?"

"मला काय माहीत? जुनं मशीन ते. बंद पडलं असेल आपोआप," मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

मी नोकरीमुळे तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते. मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं, कारण तो पेपर कालचा होता.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने कॉम्प्युटर दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, फॉरमॅट. म्हणजे पाटी कोरी. त्याच्याकडे सगळ्या आजारांवर तेवढं एकच औषध. मी तो उचलून परत आणला. मग ओळखीपाळखीत विचारून एक दुरुस्तीवाल्या बाई मिळाल्या, त्याही आणखी दोन दिवसांनी येणार होत्या. त्या मुलीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "मावशी, पुढचा धडा झाला का हो?" मामी रोज "उद्या देते" म्हणायची आणि फोन ठेवून ओट्याला धरून उभी राहायची. चौथ्या दिवशी फोन वाजला तेव्हा तिने तो उचललाच नाही. वाजून वाजून थांबला. मामा आतल्या खोलीत होते. जेवायलाही आले नाहीत.

बाई सकाळी दहाला आल्या. आपल्या पेन ड्राइव्हवरून त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि आतली डिस्क उघडून बघितली.

"काकू, तुमची पुस्तकं सुखरूप आहेत. काढून देते. पण उघडणार कशात? प्रोग्रामच्या फाईली जागेवर नाहीत, सिस्टीमच्याही नाहीत. सगळ्या भलत्याच फोल्डरांत आहेत." त्या आमच्याकडे वळल्या. "व्हायरस इतका नीटनेटका नसतो. शेवटचं कुणी काय केलं होतं?"

"कुणी काही नाही केलं," मामा दारातून म्हणाले.

बाईंनी तासाभराने पुन्हा विचारलं, मामांनी पुन्हा तेच सांगितलं. सिस्टीमच्या फाईली बाईंनी आपल्या सीडीवरून भरल्या. पडदा निळा झाला, परत काळा. असं तीनदा झालं. दोन वाजता त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"प्रोग्रामची कुठली फाईल कुठे होती, हे तो बनवणाराच सांगू शकेल. फॉरमॅट करून निदान मशीन तरी वाचवते."

अकरा वर्षांची पुस्तकं कायमची मुकी होणार होती, आणि ती मुलगी चार धडे न वाचताच परीक्षेला बसणार होती. मला रडू फुटलं. मामी भिंतीकडे बघत म्हणाली, "करा."

"थांबा!"

मामा आत गेले आणि गादीखालून एक लांबोडकी वही घेऊन आले. रेघा मारलेली. क्रमांक, नाव, मूळ जागा, नवी जागा. प्रत्येक फाईल त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. चारशे बारा नोंदी. शेवटी 'परत' असा रकाना, कोरा.

"एकसारखी नावं दहा ठिकाणी पडली होती," मामा पुटपुटले. "म्हटलं, लावून देऊ. मध्ये मध्ये कॉम्प्युटर विचारत होता, खात्री आहे का म्हणून. मी हो म्हणत गेलो."

"चार दिवस!" मामीला मी इतक्या वरच्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ती पोर रोज फोन करतेय, आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"लायब्ररीत दिवसाला शंभर माणसं मला विचारायची, अमुक कुठे आहे. घरात कुणी काही विचारत नाही गं. वाटलं, तू आल्यावर म्हणशील, छान केलंत. आणि मग ते चालूच होईना. लाज वाटली."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "काका, वाचा. एकापासून."

मामा वाचत गेले, बाई फाईल उचलून मूळ जागी ठेवत गेल्या, मी त्यांच्या शेजारी बसून 'परत'च्या रकान्यात खुणा करत गेले. दोनशेच्या पुढे मामांचा घसा बसला, तरी त्यांनी वही कुणाला दिली नाही. साडेपाचला शेवटची खूण झाली. बाईंनी बटण दाबलं. निळा पडदा आला आणि टिकला. प्रोग्राम उघडला. प्रिंटर धडधडायला लागला तशी मामीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग तिने त्या मुलीला फोन केला. बाई सामान आवरून निघाल्या. तेव्हा लक्षात आलं, मामा खोलीत नाहीत. मी बघितलं, तर जिन्यात पायरीवर बसलेले, गुडघ्यांवर हात, मान खाली.

मामीने वही ओढली, काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिली. "दे त्यांना." क्रमांक चारशे तेरा. नावाच्या रकान्यात 'हे'. मूळ जागा, 'माझ्या शेजारची खुर्ची'. नवी जागा, जिना. 'परत'चा रकाना कोरा.

मामांनी ते दोनदा वाचलं. मी पेन पुढे केलं.

"आधी खूण करायची नसते," ते बसक्या आवाजात म्हणाले. "आधी जागेवर ठेवायचं, मग खूण."

आणि वही छातीशी धरून आत गेले.