डाव्या कोपऱ्यातून परत येणारा चेंडू

तुमच्या आत्याच्या ग्योतोकुच्या इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या घरात, पिनबॉलची यंत्रं बनवणारे एक गृहस्थ राहत. बनवणारे म्हणजे कारखान्यात जोडणारे नव्हेत, तर चेंडू कुठून सुटेल, कशावर आपटेल आणि कुठे हरवेल हे ठरवणारे. मागच्या फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की जपानमध्ये आजीने दिवसभर केलं काय. त्याचं एक उत्तर हे आहे. मी त्या गृहस्थांचं आयुष्य इंग्रजीत लिहून काढलं आणि ते जवळजवळ वायाही घालवलं.

ते वर्षाअखेरीला मुलाकडे राहायला जाणार होते. मुलाच्या घरी त्यांच्यासाठी एक खोली होती, पण त्यांच्याकडे उरलेल्या शेवटच्या यंत्राला जागा नव्हती. त्सुकुबाच्या एका संग्रहालयाने ते पाहायला यायचं कबूल केलं होतं. संग्रहालयाने नाही म्हटलं तर पुढच्या मंगळवारी मोठ्या कचऱ्याची गाडी येणार होती. इथे सोफा, कपाट असलं काही टाकायचं तर आधी दिवस ठरवून त्यावर चिठ्ठी लावावी लागते. त्यांनी ती आणून यंत्राच्या कडेला नीट चिकटवूनही ठेवली होती. मला त्यांचा हा स्वभाव आवडायचा, माझाही तसाच आहे.

संग्रहालयाला इंग्रजीत दोन पानी माहिती हवी होती. आत्याने माझं नाव पुढे केलं. मी वही घेऊन रोज दुपारी खाली जाऊ लागले. ते परदेशी ग्राहकांशी बोलून शिकलेलं तुटक इंग्रजी बोलत आणि शब्द अडला की पेन्सिल उचलत. वायरी जोडणारा कामगार म्हणून ते कारखान्यात लागले. दुपारच्या सुट्टीत फळीवर खिळे ठोकून, त्यांना रबर ताणून स्वतःचा खेळ मांडत. साहेब एकदा तो खेळ खेळला आणि सुट्टी संपल्याचं विसरला. तिथून त्यांना आराखड्यांच्या टेबलावर बसवलं. पुढे नऊ यंत्रं त्यांनी केली. मग व्हिडिओ गेम आले, तो विभाग बंद झाला, आणि उरलेली वर्षं त्यांनी पेयं विकणाऱ्या यंत्रांच्या झडपा आखण्यात काढली. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. झडपाही चांगल्याच केल्या, म्हणाले.

त्यांची खूण डाव्या कोपऱ्यात असे. पिनबॉलमध्ये दांडा ओढून चेंडू वर सोडतात आणि बटणं दाबून तो खाली पडू न देता खेळवतात; तो कडेच्या फटीत घुसला की गेला, खेळणारा बटणांवरचे हात सोडून देतो. यांच्या नऊही यंत्रांत डावीकडच्या त्या फटीच्या तळाशी एक लहानशी वळलेली पट्टी होती. शांतपणे घरंगळत आलेला चेंडू त्या पट्टीवर चढायचा आणि उडी मारून पुन्हा खेळात यायचा. धसमुसळेपणाने खेळलात तर चेंडू भिंतींना आपटत येऊन बाहेर पडायचा. आत मोटर नाही, लोहचुंबक नाही, नुसता उतार. साहेब म्हणत, लोक फार वेळ खेळत बसतात, काढून टाका ती पट्टी. हे दर वेळी हो म्हणायचे आणि दर वेळी ठेवायचे.

मी हे सगळं क्रमवार मांडलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते हसले.

“आजी-सान, तुम्ही फार सरळ लिहिता. चेंडू असा जात नाही.”

मी म्हटलं, संग्रहालयाला सरळच लागतं.

पाहणीचा शनिवार उजाडला. ते केस कापायला गेले होते आणि किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मी यंत्राची काच पुसायला खाली गेले. पाहुण्यांसाठी कप-बशा काढल्या आणि जरा काचेवर ठेवल्या. बशी हळूच सरकत माझ्याकडे आली. नीट पाहिलं तर यंत्राची माझ्याकडची बाजू चांगलीच खाली होती. मला वाटलं, जुन्या यंत्राचे पुढचे पाय खचले. पाहुणी येणार आणि हे असं कलंडलेलं!

आमच्याकडे वॉशिंग मशीनखाली घालायच्या जाड रबरी चकत्या पडून होत्या. खालच्यांना आवाज जाऊ नये म्हणून इथे सगळेच घालतात. मी आत्याला बोलावलं. तिने पुढची बाजू उचलून धरली आणि मी एकेका पायाखाली दोन-दोन चकत्या सरकवल्या. “आई, विचारायचं का त्यांना आधी?” असं ती म्हणाली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवते. मी म्हटलं, पाय खचल्याचं काय विचारायचं.

संग्रहालयाची बाई वेळेवर आली. तिशीची असेल. माझी दोन पानं तिने वाचून आणली होती आणि ती थेट डाव्या कोपऱ्याकडे वळली. पहिला चेंडू आळशासारखा खाली आला, पट्टीवर अर्धा चढला आणि मागे पडला. दुसराही तसाच. तिसरा तर पट्टीपाशीच थांबला. गृहस्थ हात मागे बांधून उभे होते. मग त्यांनी स्वतः दोन चेंडू खेळले, तेही गेले. ती बाई नम्रपणे म्हणाली की विचार करून कळवू. याचा अर्थ इथे नाही असा होतो, हे मला आत्याने पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. त्यांनाही ते कळलं. त्यांनी वाकून आभार मानले आणि मला इंग्रजीत म्हणाले, “यंत्र म्हातारं झालं. मीही.”

आता चहा तरी द्यावा म्हणून मी कप काचेजवळ आणले. काचेवर बशी टेकवली. ती जागची हलली नाही. क्षणभर मला माझ्या कामाचं समाधान वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी मला माझीच वही आठवली: नुसता उतार.

मी उभी राहिले आणि शाळेत उत्तर द्यावं तशी स्पष्ट इंग्रजीत म्हणाले, “यंत्र बरोबर आहे. चूक माझी आहे. मी ते सपाट केलं.” आत्याने ते जपानीत सांगितलं. गृहस्थांनी खाली वाकून चकत्या पाहिल्या, बोटाने दाबूनही पाहिल्या. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र डॉक्टरने रिपोर्ट दुसऱ्याचा होता असं सांगितल्यासारखी सुटका होती.

आत्याने आणि त्या बाईने मिळून पुढची बाजू उचलली. मी चकत्या काढल्या. गृहस्थांनी दांडा अर्धाच ओढून सोडला. चेंडू वर गेला, दोनदा टकटकला, डाव्या फटीत शिरला, पट्टीवर सरसर चढला आणि परत आला. ते चेंडूकडे पाहतच नव्हते, त्या बाईच्या हाताकडे पाहत होते. तिचा हात आपसूक बटणावर गेला आणि तिने तो चेंडू मारला. मग ती बराच वेळ खेळली. चहा गार झाला. जाताना तिने विचारलं, ही कचऱ्याची चिठ्ठी काढली तर चालेल का, आणि नखाने कोपरा सोडवून ती अखंड काढली.

यंत्रासोबत लावायच्या सूचना मीच लिहिल्या. गृहस्थांनी शेवटी एक ओळ वाढवायला सांगितली: कृपया हे यंत्र सपाट करू नये. मी विचारलं, जपानीतही लिहू का?

“नको,” ते म्हणाले. “जपानी माणूस न विचारता हात लावणार नाही. ही ओळ इंग्रजी शिकलेल्यांसाठी आहे.”

ती ओळ तिथे अजून आहे. तुम्ही याल तेव्हा आपण त्सुकुबाला जाऊ. दांडा अर्धाच ओढा, आणि चेंडू डावीकडे गेला तर बटणावरचे हात काढू नका.