भट्टीचा ताव उतरवायला लावणाऱ्या सुमनताई

सुमनताई आडे यांची माझी पहिली भेट पूर्व विदर्भातल्या एका पेलेट कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. लोहखनिजाच्या भुकटीच्या गोळ्या वळून त्या भट्टीत भाजायच्या, हे तिथलं काम. मी त्यांच्याच जिल्ह्यातल्या धनजचा आहे हे कळल्यावर मानोऱ्याजवळच्या तांड्यात वाढलेल्या ताईंनी डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे केली आणि लगेच कामाला लावलं. पुढची सगळी नोकरी आम्ही त्या धगीशेजारी काढली. आता दोघंही थकलो आहोत.

ताईंच्या साठीनिमित्त एक प्रसंग सांगावासा वाटतो. एका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून गोळ्यांत चुनखडी वाढवली गेली. भट्टीचा ताव मात्र पूर्वीचाच राहिला. गोळ्या एकमेकींना चिकटून ढेकळं निघू लागली. व्यवस्थापकांनी भट्टीवरच्या दोन कंत्राटी कामगारांना दोषी धरलं आणि काढायचं ठरवलं. दोघंही मानोऱ्याकडचे, बायकापोरं घेऊन आलेले.

बैठकीत ताईंनी समजावलं, की चुनखडी वाढली की गोळीतला काही भाग लवकर वितळतो. जुन्याच तावावर वितळ जास्त होते, छिद्रं बुजतात आणि पोलाद कारखान्यात गेल्यावर त्या गोळीत खनिजाचं लोखंड करणारा वायू शिरत नाही. ताव फार उतरवला तर गोळी कच्ची राहते, वाटेतच फुटते. मधला ताव शोधायला हवा. साहेब म्हणाले, तेवढा वेळ नाही. एरवी प्रमाण भाषेत बोलणाऱ्या ताई तेव्हा म्हणाल्या, "माणसं काहून काढता? आधी ताव तं कमी करून पाहा."

शेवटी परवानगी मिळाली. ताव थोडा थोडा उतरवत ताई भट्टीपाशी उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या गोळ्या चिकटलेल्याच निघाल्या, मग एकदा जरा जास्तच उतरला तेव्हा हातात चुरल्या. अखेर सुट्या आणि भक्कम गोळ्या बाहेर आल्या. कामगारांची कामं वाचली. ताईंची बढती मात्र तेव्हापासून अडली ती अडलीच. त्यांच्या हाताखाली शिकलेले त्यांचे साहेब झाले.

माझी पत्नी दवाखान्यात होती, तेव्हा माझ्या पाळ्याही त्यांनीच केल्या. मी एकदा बढतीचा विषय काढला. म्हणाल्या, "थकली मी, भाऊ. पण त्यायचं काम गेलं असतं तं मले घास उतरला नसता."

ताई आता मंगरूळपीरला राहतात. सत्कार नको म्हणत होत्या, आम्ही ऐकलं नाही. त्यांना पुष्कळ वर्षं मिळोत, दुखणं दूर राहो, आणि दुपारी पडल्या पडल्या निवांत डोळा लागो. घरच्यांनो, तेव्हा कुणाला त्यांना उठवायला जाऊ देऊ नका.