चालणारी बाई भांडूनच निघाली असते काय?

ग्रुपवाल्यांनो, आज सकाळीच डोकं फिरलं माहं.

शुगर हाय म्हणून दोन वर्षांपासून मी रोज सकाळी शेलूबाजारच्या रस्त्यानं चालते. आज गावातल्या एका काकाजींनी गाडी थांबवली. "बस, सोडून देतो." मी म्हटलं, "नाही काकाजी, मी चालालेच निघाली."

त्यायनं पुढं जाऊन माह्या नवऱ्याले फोन लावला, "भांडण झालं काय रे? तुही बायको पायीच माहेरी चालली!" नवरा घाबरून गाडी घेऊन आला.

काकाजी, माहं माहेर उलट्या बाजूले हाय!

चालायचा कंटाळा मलेही येते. पण घरी बसली त तुमीच म्हणसान, "पाहा, सुटलं शेवटी हिचं चालणं." त्या रागानंच रोज बूट घालते.

उद्याही जाणार. नवऱ्याचा नंबर कोणाकोणाले पाहिजे, आत्ताच मागून घ्या.