वाळकी काठी

शेजारच्या खिडकीत कुणी कूलरला ओला हात लावताना दिसलं की मी इथूनच ओरडून त्याला थांबवतो. माझी बायको मंदा अशीच एका दुपारी कूलरमध्ये पाणी भरत होती. पत्र्यात करंट उतरला आणि तिचा हात तिथेच चिकटला. तोंडातून आवाजसुद्धा फुटेना. मी बांबूच्या वाळक्या काठीने तिच्या मनगटावर जोरात मारलं, तेव्हा ती सुटली. वाचली.

लोखंड, ओलावा, माणसाचं अंग, सगळ्यांतून वीज वाहते. वाळक्या लाकडातून वाहत नाही. मायेने पुढे केलेला हात अशा वेळी दोघांनाही घेऊन जातो. माणूस वाचवायचा तर मध्ये काहीतरी कोरडं धरावं लागतं.

तिचं मनगट बरेच दिवस काळंनिळं होतं. एकदा मी ते शेकत असताना ती म्हणाली, "तुम्ही आधी मागे सरलात. मी पाहिलं."

"हात लावला असता तर दोघंही गेलो असतो," मी म्हणालो. सगळ्यांना मी हेच सांगत आलो होतो. तिच्यासमोर मात्र ते उत्तर पुरेना.

"खरं सांगू? आधी घाबरून सरलो. काठी मग दिसली."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि मनगट माझ्या हातातच राहू दिलं.